डिझेल गाडी परवडते, पण कोणाला?

छोटी गाडी घ्यायची ठरली की सल्ले फुकट मिळतात, आणि त्यातला सर्वांत ठाम सल्ला हमखास एकच असतो: "डिझेल घे, ॲव्हरेजला तोड नाही." सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याचा सल्ला २०१२ सालचा असतो, एवढंच.

त्या वर्षीच्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल लिटरला ७३ रुपयांवर गेलं, तेव्हा डिझेल होतं ४१ रुपयांना. सरकार डिझेलचा दर धरून ठेवत होतं, पेट्रोलचा सोडून दिलेला होता. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, पुंटो, इंडिका व्हिस्टा अशा एकमेकांच्या स्पर्धक गाड्यांत बसत होतं. त्याला लोक गमतीने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणत. त्या काळी डिझेल घेणारा शहाणाच ठरला.

पुढे ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा दरही बाजारावर सोडला गेला. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले. त्याच दिवसापासून मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या, आणि मल्टिजेट बीएस-६ मध्ये आलंच नाही. होंडाही नंतर बाहेर पडली. २०२५ साली हॅचबॅकमध्ये डिझेल म्हटलं की टाटाची अल्ट्रोझ तेवढी उरली होती. बाकी चार मीटरच्या आतल्या नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट, एक्सयूव्ही ३एक्सओ, बोलेरो अशा उंच गाड्या. म्हणजे 'छोटी डिझेल गाडी' हा पर्याय आता बोटांवर मोजण्याइतका आहे. सल्ला मात्र तसाच फिरतो आहे.

"ॲव्हरेज जास्त, म्हणजे पैसे वाचणारच"

ॲव्हरेज जास्त मिळतं हे खरंच आहे. त्याची कारणं दोन. एक तर लिटरभर डिझेल हे लिटरभर पेट्रोलपेक्षा जड असतं आणि त्यात साधारण दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते. इंजिनाने काही विशेष न करताच एवढा फायदा पदरात पडतो. दुसरं म्हणजे डिझेल इंजिनात हवा कितीतरी जास्त दाबली जाते, त्या दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेटतं, आणि हवेची वाट अडवून ताकद कमी-जास्त करावी लागत नाही. त्यामुळे कमी इंधनात जास्त काम होतं.

पण ॲव्हरेज म्हणजे बचत नव्हे. कागद-पेन्सिल घेऊन बसू. समजा एक गाडी पेट्रोलमध्ये एक्स-शोरूम साडेआठ लाखांची आहे आणि तीच डिझेलमध्ये पावणेदहा लाखांची. हा सव्वा लाखाचा फरक सगळ्यांना दिसतो. आरटीओचा फरक कोटेशनच्या चौथ्या-पाचव्या ओळीत असतो. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या खासगी पेट्रोल गाडीवर एकरकमी वाहन कर ११ टक्के आहे, डिझेलवर १३. म्हणजे पेट्रोलला ९३,५०० रुपये आणि डिझेलला १,२६,७५०. आणखी ३३,२५० रुपये गेले. एकूण फरक झाला १,५८,२५० रुपयांचा.

आता पंपावर येऊ. २०२५ साली पुण्यात पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ रुपयांच्या आसपास होतं. पेट्रोल गाडी १४ आणि डिझेल गाडी १८ चं ॲव्हरेज देते असं धरलं, तर किलोमीटरला पेट्रोलचे ७ रुपये ४३ पैसे लागतात आणि डिझेलचे ५ रुपये ६ पैसे. वाचले २ रुपये ३७ पैसे. या हिशेबाने वरचे दीड लाख वसूल व्हायला सुमारे ६७ हजार किलोमीटर गाडी चालवावी लागेल. महिन्याला ८०० किलोमीटर फिरणाऱ्याला त्यासाठी सात वर्षं लागतील. २,००० फिरणाऱ्याला पावणेतीन वर्षं. जादा रकमेवरचं कर्जाचं व्याज आणि थोडी महाग सर्व्हिसिंग यात धरलेलीच नाही.

हाच हिशेब २०१२ च्या दिल्लीतल्या दरांनी केला तर किलोमीटरमागे २ रुपये ९४ पैसे वाचत. आजही वाचतात, पण कमी, आणि मधल्या तेरा वर्षांत रुपया तेवढ्याच किमतीचा राहिलेला नाही. डिझेलची बचत संपली नाही. ती वसूल करायला लागणारं अंतर लांबलं.

तुमचे आकडे वेगळे असतील, ते घालून बघा. फक्त ॲव्हरेजचा आकडा कंपनीच्या पत्रकातून उचलू नका. त्या आकड्यामागची चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून होते, ठरलेल्या वेळापत्रकाने, ताशी ९० किलोमीटरच्या वर न जाता. ती गाड्यांची आपसात तुलना करायला आहे. सिंहगड रोडच्या संध्याकाळशी तिचा संबंध नाही.

कराबद्दल आणखी एक समज कानावर येतो, की डिझेल गाडीवर जीएसटी जास्त लागतो. पूर्वी लागत असे, सेससकट पेट्रोलला २९ टक्के आणि डिझेलला ३१. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतची डिझेल गाडी, दोन्हींना सरसकट १८ टक्केच आहे. थर्ड पार्टी विम्याचा हप्ताही इंधनावर ठरत नाही, सीसीवर ठरतो. १.२ लिटरची पेट्रोल आणि १.५ लिटरची डिझेल दोन्ही १००० ते १५०० सीसीच्या गटात बसतात.

"रोज ऑफिसला न्यायची आहे, मग डिझेलच बरी"

हा गैरसमज खिशाला सर्वांत जास्त चाट लावतो, म्हणून इथे थोडं थांबू या.

बीएस-४ मध्ये डिझेल गाडीला किलोमीटरला २५ मिलिग्रॅम काजळी सोडायची मुभा होती. बीएस-६ मध्ये ती साडेचार मिलिग्रॅमवर आली. नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा २५० वरून ८० मिलिग्रॅम झाली. (नवी डिझेल गाडी काळा धूर ओकते, हाही जुनाच समज. ओकत असेल तर ती बिघडली आहे.) ही काजळी अडवायला सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ नावाची गाळणी बसवलेली असते. मधाच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रांची, सिरॅमिकची. तिच्यात काजळी साठते. भरत आली की गाडीतला संगणक थोडं जादा डिझेल सोडून धुराचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेतो आणि ती काजळी जाळून टाकतो. हे व्हायला इंजिन गरम हवं आणि गाडी सलग दहा-वीस मिनिटं बऱ्या वेगाने पळायला हवी.

आता कोथरूडहून डेक्कनला जाणारा माणूस बघा. पाच किलोमीटरही नाहीत. त्यात सिग्नल, पहिला-दुसरा गिअर, इंजिन पुरतं तापायच्या आत पार्किंग. संध्याकाळी तेच उलटं. काजळी जाळायचं काम सुरू होतं आणि किल्ली फिरते, काम अर्धवट. असं चार-सहा वेळा झालं की डॅशबोर्डवर दिवा लागतो. त्याकडे दुर्लक्ष केलं तर गाडी ताकद देईनाशी होते आणि वर्कशॉपमध्ये नेऊन मशीन लावून गाळणी जाळून घ्यावी लागते. गाळणीच बदलायची वेळ आली तर खर्च हजारांच्या बऱ्याच वरच्या पट्टीत जातो.

याचा पुरावा ऑइलच्या डिपस्टिकवर दिसतो. अर्धवट राहिलेल्या जाळपोळीतलं न जळलेलं डिझेल पिस्टनच्या कडेने झिरपून इंजिन ऑइलमध्ये उतरतं. एरवी ऑइल कमी होतं म्हणून आपण कांडी तपासतो. इथे कांडी पुसून, परत घालून, बाहेर काढली की ऑइल वरच्या खुणेच्याही वर चढलेलं दिसतं, हाताला पातळ लागतं आणि त्याला डिझेलचा वास येतो. वाढलेलं ऑइल बघून खूश होणारे मालक आहेत. ते ऑइल बदलून टाकायचं असतं.

दिवा लागल्यावर करायचं ते साधं आहे. गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे हायवेला घ्या, एक गिअर खालचा ठेवा आणि दिवा विझेपर्यंत थांबू नका. महिन्यातून दोनदा गावाकडे जाणाऱ्याला याची फारशी झळ बसत नाही. काही डिझेल गाड्यांत डीईएफ हे युरियाचं द्रावणही वेळोवेळी भरावं लागतं. ते संपू दिलं तर गाडी एकदा बंद केल्यावर परत सुरू व्हायला नकार देते.

शहरातल्या शहरात जास्त फिरणाऱ्याचा आजचा खरा पर्याय सीएनजी आहे. छोट्या डिझेलची जागा त्यानेच खाल्ली. रांग आणि आक्रसलेली डिकी, एवढं मात्र सोसायची तयारी हवी.

"घाट चढायला डिझेलच लागतं"

हे अर्धं खरं आहे. जुनी १.२ लिटरची पेट्रोल स्विफ्ट ११३ न्यूटन-मीटर टॉर्क द्यायची, तोही इंजिन ४,२०० फेऱ्यांवर गेल्यावर. डिझेल स्विफ्ट १९० द्यायची, दोन हजार फेऱ्यांवरच. खंबाटकीत पाच माणसं, सामान आणि एसी लावून दोन्ही चालवलेल्या माणसाला आणखी काही समजावून सांगावं लागत नाही. मात्र तिथेच मल्टिजेटचा एक गुण कळायचा. फेऱ्या दोन हजारांच्या खाली उतरल्या की ते इंजिन झोपायचं, वळणावर गिअर पाडायला विसरलात की गाडी हुंदके देणार.

आज टर्बो पेट्रोल आली आहे. ह्युंदाईचं एक लिटरचं टर्बो पेट्रोल १७२ न्यूटन-मीटर देतं, तेही दीड हजार फेऱ्यांपासून. घाटापुरता प्रश्न असेल तर तो मिटलाच. फक्त पाय जड असेल तर टर्बो पेट्रोलचं ॲव्हरेज झपाट्याने पडतं. भरलेली गाडी, लांबचा हायवे, रोजचं काम, असं असेल तिथे १.५ लिटरचं डिझेल अजूनही निवांत ओढतं, आणि आंबोली किंवा आंबा घाट नेहमीचाच असलेल्यांनी ते घेण्यात काही चूक नाही.

"डिझेल गाडी दहा वर्षांनी भंगारात"

हा नियम दिल्ली आणि राजधानी परिसराचा. हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशातून आलेला, आणि तिथेही न्यायालयात गाजत राहिलेला. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, पेट्रोल असो की डिझेल, आणि फिटनेस तपासून पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. बदली होऊन गुरुग्राम किंवा नोएडाला जायची शक्यता असेल, तर मात्र हा मुद्दा मनात ठेवा.

दुसऱ्या बाजूने सध्या इथेनॉलची भीती जोरात आहे. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे ॲव्हरेज निम्मं होतं, असं सांगतात. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे घट होणारच. पण नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातला अंदाज जुन्या पद्धतीच्या चारचाकींसाठी सहा-सात टक्क्यांचा आणि त्यासाठी जुळवून घेतलेल्या इंजिनांसाठी एक-दोन टक्क्यांचा आहे. निम्मं झालं असेल तर कारण दुसरीकडे शोधा. डिझेलमध्ये इथेनॉल मिसळत नाहीत, तेव्हा तुलनेत डिझेलच्या बाजूला थोडं वजन पडतं. वरच्या हिशेबात १४ च्या जागी १३ घालून बघितलंत, तर ६७ हजारांचे ५४ हजार किलोमीटर होतात.

सेकंडहँड डिझेल घेणार असाल तर गणित पुन्हा बदलतं, कारण नवेपणाचा जादा पैसा पहिल्या मालकाने भरलेला असतो. २०२० च्या आधीच्या बहुतेक छोट्या डिझेल गाड्यांत डीपीएफ नाही, म्हणून ती कटकटही नाही. मात्र इंजेक्टर, टर्बो आणि क्लच यांची कामं पेट्रोलपेक्षा महाग पडतात, आणि डिझेल गाडी घेणाऱ्याने ती भरपूर पळवलेली असण्याचीच शक्यता जास्त. मीटरवर आठ वर्षांत चाळीस हजार दिसले तर सर्व्हिसिंगची बिलं मागा. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना बघा. बॉनेटला हात लावा, गरम लागलं तर विकणाऱ्याने ती आधीच सुरू करून ठेवली आहे. तसं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी, न कळवता जा.