एक वाडा, दोन बिऱ्हाडे

संगणकाचे यंत्र कितीही उत्तम असले, तरी त्याच्याकडून काम करवून घेणारी संचालन-प्रणाली त्यात नसेल, तर ते निव्वळ धातूचे व काचेचे खोके होय. कळ दाबताच अक्षर उमटविणे, लिहिलेले जपून ठेवणे, ते छपाईस पाठविणे, ही सारी कामे ही प्रणालीच पार पाडते. आपल्याकडील बहुतेक लॅपटॉपांत 'विंडोज' ही प्रणाली असते. तथापि तीच एक आहे असे नव्हे. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरव्हाल्ड्स या तरुणाने १९९१ साली एका नव्या प्रणालीचा गाभा रचून तो सर्वांस खुला केला. जगभरच्या जाणकारांनी त्यात भर घातली आणि 'लिनक्स' हा मोठा परिवार उभा राहिला. 'उबंटू' ही त्याच परिवारातील असून ती विनामूल्य मिळते.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०' या प्रणालीची नेहमीची विनामूल्य देखभाल थांबली. कित्येक जुने लॅपटॉप 'विंडोज ११' च्या अटी पुऱ्या करीत नाहीत. असे धडधाकट यंत्र भंगारात कोण घालील? परंतु जुनी प्रणाली पुसावी, तर त्याबरोबर घरातील छायाचित्रे व हिशेबही जातील, ही धास्ती असतेच. अशा वेळी जुने बिऱ्हाड न हलविता, त्याच वाड्यात दुसरी खोली बांधून तेथे नवे बिऱ्हाड थाटावे, तसे लॅपटॉपमध्ये दुसरी डिस्क बसवून तीवर उबंटू ठेवता येते.

पुष्कळ लॅपटॉपांत दुसऱ्या डिस्कसाठी जागा मोकळी असते. जुन्या यंत्रांत डीव्हीडीचा खण काढून तेथे चौकटीसह डिस्क बसविता येते. एम-टू जातीच्या चपट्या डिस्का दिसावयास सारख्या, परंतु काही साटा पद्धतीच्या तर काही एनव्हीएमई पद्धतीच्या असतात. आपल्या यंत्रास कोणती चालते, हे माहितीपुस्तिकेत पाहूनच खरेदी करावी. डिस्क बसविताना यंत्र पूर्ण बंद असावे व बॅटरीची जोडणीही सोडविलेली असावी.

तत्पूर्वी महत्त्वाच्या सर्व फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी. विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप' ही सोय बंद करावी. कारण ती चालू असता विंडोज पुरती निजतच नाही, उद्या लवकर उठता यावे म्हणून अर्धवट जागी राहते, आणि अशा स्थितीत लिनक्सने तिच्या फायलींस हात लावणे बरे नव्हे. जुनी डिस्क 'बिटलॉकर'ने कुलूपबंद असेल, तर तिची परतावा-किल्ली कागदावर उतरून ठेवावी.

उबंटूची फाइल पेनड्राइव्हवर नुसती उतरवून भागत नाही. 'रूफस'सारख्या साधनाने ती विशिष्ट रीतीने लिहावी लागते व त्यात पेनड्राइव्हवरील जुना मजकूर पुसला जातो. मग यंत्र सुरू होताना एफ-१२ किंवा त्या कंपनीने ठरविलेली कळ दाबून पेनड्राइव्ह निवडला, की उबंटू बसविण्याचे काम सुरू होते.

खरी कसोटी पुढेच आहे. कोणती डिस्क पुसावी, असा प्रश्न पडद्यावर येतो. तेथे एसडीए, एसडीबी अशी नावे दिसतात. परंतु त्यांच्या क्रमावर भिस्त ठेवू नये, कारण तो बदलू शकतो. डिस्क तिच्या आकारावरून ओळखावी. त्यातही एक गंमत आहे. जी डिस्क उबंटू १००० जीबीची म्हणते, तिलाच विंडोज ९३१ जीबी म्हणते. एक हजाराने मोजते, दुसरी १०२४ ने. दोन्ही डिस्का सारख्याच आकाराच्या असतील, तर कंपनीचे नाव व नमुना-क्रमांक ताडून पाहावा. तरीही शंका उरली, तर पुढची कळ दाबू नये. एका चुकीच्या निवडीने कित्येक वर्षांचा संग्रह नाहीसा होतो.

याहून निर्धोक मार्ग म्हणजे, शक्य असल्यास, तेवढ्या वेळेपुरती जुनी डिस्क काढून ठेवणे. त्याचा आणखी एक लाभ आहे. यंत्र सुरू होताना प्रथम एका लहानशा विभागात डोकावते. तेथील छोटी आज्ञावली प्रणालीस जागे करते. ही जणू वाड्याची देवडी. उबंटू दुसऱ्या डिस्कवर बसविली, तरी तिची देवडी पुष्कळदा पहिल्याच डिस्कवर जाऊन बसते. पुढे पहिली डिस्क बिघडली वा काढली, तर नवे बिऱ्हाड आत सुखरूप, पण बाहेर पडावयास दार नाही, अशी अवस्था होते. जुनी डिस्क काढून ठेवली असता दोन्ही बिऱ्हाडांची दारे स्वतंत्र राहतात, आणि हवी ती प्रणाली सुरुवातीच्या कळीने निवडता येते.

दोन्ही प्रणाली नांदू लागल्या, की घड्याळाची तक्रार हटकून येते. लिनक्स यंत्रातील घड्याळ जागतिक वेळेवर ठेवते, विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. त्यामुळे उबंटू वापरून विंडोज उघडली, तर सकाळचे अकरा वाजले असता ती पहाटेचे साडेपाच दाखविते. घड्याळ बिघडले असे समजून ते दुकानात नेण्याचे कारण नाही. यंत्रातील वेळ स्थानिक ठेवावी, एवढे उबंटूस सांगितले म्हणजे झाले.