मोठा कपॅसिटर लावला की झालं?

तुमच्या सेन्सरचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असेल, तर पॉवर सप्लायमधली लहर थेट डेटात शिरू शकते. म्हणून सप्लाय स्वतः बनवणार असाल, तर हा हिशेब एकदा हाताने करून बघाच.

आपल्याकडे मेन्सचा एसी ५० हर्ट्झचा. ब्रिज रेक्टिफायर त्याच्या खालच्या अर्ध्या लाटा वर वळवतो, म्हणून सेकंदाला १०० उंचवटे मिळतात. दिशा एकच झाली, पण दर उंचवट्यानंतर व्होल्टेज शून्यावर येतं. इथे कपॅसिटर लागतो. सोसायटीतली पाण्याची टाकी आठवा: पाणी ठरावीक वेळीच येतं, नळ मात्र दिवसभर चालतो. दोन भरण्यांच्या मधे पातळी जितकी उतरते, तितका रिपल.

ढोबळ सूत्र सोपं आहे: रिपल = करंट ÷ (१०० × कपॅसिटन्स).

आता १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्या. १२ हे आरएमएस मूल्य, शिखर साधारण १७. दोन डायोडचे १.४ वजा केले की उरले १५.६. लोड अर्धा अँपिअर आणि कपॅसिटर १००० मायक्रोफॅरडचा असेल, तर रिपल ५ व्होल्ट, म्हणजे तळ १०.६. पुढच्या ७८१२ रेग्युलेटरला इनपुटला १४ च्या आसपास तरी लागतात. म्हणजे आउटपुट सेकंदाला १०० वेळा खचणार. ४७०० मायक्रोफॅरड लावले तर रिपल १.१ आणि तळ १४.५. उरलेली लहर रेग्युलेटर सांभाळतो.

पण मेन्स १० टक्क्यांनी घसरला तर? शिखरच १३.९ वर येतं. आता कितीही मोठा कपॅसिटर लावा, उपयोग नाही; उलट तो कमी वेळात भरताना करंटचे उंच झटके ओढतो आणि डायोड, ट्रान्सफॉर्मर तापतात. इथे १५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मरच हवा.

थोडक्यात, रिपल शून्य करणं हे कपॅसिटरचं काम नाही. तळ रेग्युलेटरच्या गरजेच्या वर ठेवणं, एवढंच त्याचं काम.

तपासताना मल्टिमीटरच्या डीसी आकड्यावर विसंबू नका, तो सरासरी दाखवतो. पूर्ण लोड लावून ऑसिलोस्कोपवर बघा. १०० हर्ट्झची लहर दिसली तर आधी रेक्टिफायरनंतरचा भाग तपासा. ५० हर्ट्झची दिसली तर बहुधा वायरिंग किंवा अर्थिंगमधून मेन्स शिरतोय. तिथे कपॅसिटर बदलत बसण्यात अर्थ नाही.