कॅमेरा नंतर, आधी गाडी

पुण्याला शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या आपल्या मुलाजवळ आज दोन वस्तू हमखास असतात. एक मोटरसायकल आणि दुसरा मोबाइल. आता त्यात तिसऱ्या वस्तूची भर पडत आहे. मुठीत मावेल एवढा छोटा कॅमेरा छातीवर, हेल्मेटवर किंवा हँडलवर बसवायचा, सुटीच्या दिवशी सिंहगडाचा नाहीतर ताम्हिणीचा घाट गाठायचा आणि सारा प्रवास चित्रित करून घरच्यांना दाखवायचा, अशी ही नवी हौस आहे.

हौस वाईट नाही. घाटातला पाऊस घरबसल्या पाहायला आईलाही आवडतो. पण ती गाडी उसाच्या बिलातून किंवा दुधाच्या पगारातून हप्ते भरून घेतलेली असते. आणि तिच्यावर बसलेल्या जिवाचे तर मोलच करता येत नाही. म्हणून कॅमेरा घेण्याआधी गाडी कशी राखावी आणि घेतलाच तर तो कोठे व कसा बसवावा, याची माहिती घरातल्या थोरामोठ्यांनाही असलेली बरी.

पुणे आणि दुचाकी

पुणे हे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. पुढे ते दुचाकींचे शहर झाले. आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून १९७२ साली ‘चेतक’ स्कूटर बाहेर पडली आणि तिच्यासाठी लोकांनी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिली. त्याच साली फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीची ‘लूना’ आली. खेड्यापाड्यांत दुधाच्या किटल्या बांधलेली ‘राजदूत’ तर अनेकांना आठवत असेल. गाड्यांची चाचणी घेणारी ‘ए.आर.ए.आय.’ ही १९६६ साली स्थापन झालेली देशातली मोठी संस्था पुण्यातच, कोथरूडजवळच्या वेताळ टेकडीवर आहे. सुट्या भागांसाठी नाना पेठ आणि विजेच्या लहानसहान सामानासाठी तपकीर गल्ली पुणेकरांना पाठ असते. सांगायचे एवढेच, की गाडी राखण्याची सारी सोय या शहरात हाताशी आहे. कमी पडते ती सवय.

कॅमेऱ्याला थरथर दिसते

असा कॅमेरा प्रथम लाटांवर फळीवरून घसरण्याचा खेळ खेळणाऱ्यांसाठी निघाला. निक वुडमन या अमेरिकन तरुणाने २००२ साली ‘गोप्रो’ कंपनी काढली आणि २००४ साली मनगटाला बांधायचा पहिला कॅमेरा विकायला आणला. तिथून तो मोटरसायकलवर आला. पाण्याची लाट मोठी असते, पण सावकाश हलते. मोटरसायकलचे तसे नाही. इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल, तर पिस्टन सेकंदाला ८० हून अधिक वेळा वरखाली होतो. ही बारीक थरथर सांगाड्यातून हँडलपर्यंत पोहोचते.

आता कॅमेऱ्याचे काम कसे चालते ते पाहा. बहुतेक छोटे कॅमेरे आणि मोबाइल सारे चित्र एकाच क्षणी टिपत नाहीत. ते वरून खाली एकेक ओळ वाचत जातात. पहिली ओळ वाचून शेवटची वाचेपर्यंत गाडी थरथरली, की चित्रातला रस्ता ताटातल्या खरवसासारखा डुलतो. कॅमेऱ्यातली चित्र स्थिर करणारी सोय मोठे, सावकाश हेलकावे पुसते. बारीक थरथर तिला पुरती आवरत नाही. तेव्हा चांगल्या चित्राची सुरुवात घट्ट व नीट राखलेल्या गाडीपासून होते. सैल नट, ढिली चेन, खडखडणारा आरसा या गोष्टी चित्र बिघडवतात, आणि वेळ आली तर हाडेही मोडतात.

रोजची पाच मिनिटे

सकाळी गोठ्यात गेल्यावर आपण आधी जनावरावर नजर फिरवतो. गाडीभोवतीही तशीच एक फेरी मारावी. खाली तेलाचा डाग पडला आहे का? टायरला खिळा किंवा काच रुतली आहे का? पुढचा व मागचा ब्रेक दाबून पाहावा आणि दोन्हींनी मागचा लाल दिवा लागतो का ते भिंतीवरच्या उजेडात पाहावे. इंडिकेटर व हॉर्न तपासावा. क्लचच्या तारेचे धागे लिव्हरजवळ तुटू लागले असतील तर ती त्याच दिवशी बदलावी. ती घाटात तुटली तर गाडी ढकलत आणावी लागते. साइड स्टँड वर घेतला आहे याची खात्री करूनच निघावे.

आठवड्याचे काम

टायरमधली हवा आठवड्यातून एकदा, गाडी थंड असताना तपासावी. शंभर-सव्वाशे सी.सी.च्या बऱ्याच गाड्यांत पुढे २५ आणि मागे २८ ते ३२ पौंडांच्या आसपास हवा सांगितलेली असते. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकात अधिक. आपल्या गाडीचा नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेत किंवा गाडीवरच्या चिठ्ठीवर असतो, तोच धरावा. हवा कमी असेल तर टायर कडांनी झिजतो व पेट्रोल जास्त जाते. फार भरली तर टायर मधोमध झिजतो आणि ओल्या रस्त्यावर पकड कमी होते.

चेनची काळजी ५०० किलोमीटरला एकदा घ्यावी, पावसाळ्यात त्याआधीच. गाडी मधल्या स्टँडवर लावून, इंजिन बंद ठेवून, चाक हाताने फिरवावे. इंजिन चालू ठेवून चेन पुसण्याच्या नादात बोटे गेलेली आहेत, हे विसरू नये. रॉकेल आता सहजी मिळत नाही, तेव्हा डिझेलमध्ये भिजवलेल्या मऊ ब्रशने चिखल काढावा, चेन कोरडी पुसावी आणि ९० नंबरचे गिअर ऑइल आतल्या बाजूने थेंबथेंब सोडावे. पेट्रोल वापरू नये. ते पेट घेते आणि चेनमध्ये रबरी कड्या असल्या तर त्यांनाही मारक ठरते. चेन मधोमध बोटाने वरखाली केली, तर साधारण दोन ते तीन सेंटीमीटर हलावी. याहून ढिली असेल तर ती फटके मारते, आणि फार ताणलेली असेल तर दाते व बेअरिंग खाते.

गावी खताची गोणी मोटरसायकलवर टाकून नेण्याचा प्रघात आहे. गोणीतून सांडलेल्या खताचे क्षार ओलाव्यात विरघळले, की चेन, चाकाच्या तारा व नटबोल्ट गंजवतात. अशी वाहतूक केली, तर त्याच संध्याकाळी गाडी साध्या पाण्याने धुवावी. जोराच्या फवाऱ्याचे पाणी मात्र चाकाच्या बेअरिंगवर व चेनवर नेम धरून मारू नये. त्याने आतले वंगण निघून जाते.

तेल आणि पेट्रोल

घरात ट्रॅक्टरचे ऑइल उरले म्हणून ते मोटरसायकलीत ओतू नका. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच इंजिनच्याच तेलात फिरतो. ट्रॅक्टर किंवा मोटारीच्या तेलाने तो घसरू लागतो. इंजिन ओरडते आणि गाडी मात्र ओढत नाही. डब्यावर ‘जासो एम.ए.’ अशी खूण असलेले, पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचे तेलच घालावे. तेलाची पातळी गाडी सरळ उभी करून पाहावी.

हवेच्या गाळणीकडे, म्हणजे एअर फिल्टरकडे, धुळीच्या वाटेने जाणाऱ्यांनी वेळेआधी लक्ष द्यावे. स्पंजाची गाळणी धुऊन, तेलात बुडवून व पिळून पुन्हा बसवता येते. तेलकट कागदाची असेल तर ती साफ करण्याच्या फंदात न पडता बदलावी.

पेट्रोलबद्दलही सांगितले पाहिजे. आपल्याच उसापासून निघणारे इथेनॉल आता त्यात मिसळलेले असते. वीस टक्के मिश्रणाची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ते देशभर पोहोचले. इथेनॉल पाणी ओढून घेते. म्हणून परीक्षेच्या किंवा सुगीच्या दिवसांत गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर टाकीचे झाकण घट्ट आहे ना ते पाहावे आणि अधूनमधून ती चालवून आणावी. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलची रबरी नळी फुगली किंवा तडकली आहे का, हे मेकॅनिककडून तपासून घ्यावे.

उतारावर पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून गाडी सोडण्याची खोड काहींना असते. सिंहगडाच्या उतारावर ती जिवावर बेतेल. इंजिन चालू ठेवून खालच्या गिअरमध्येच उतरावे. त्यामुळे इंजिनच गाडीला आवरते आणि ब्रेक तापून निकामी होत नाहीत.

कॅमेरा कोठे बसवावा

एवढे झाले, की मग कॅमेऱ्याकडे वळावे. छातीवर पट्ट्याने बांधलेल्या कॅमेऱ्याचे चित्र सहसा अधिक शांत येते, कारण माणसाचे शरीर बरीच थरथर शोषून घेते. पण पडल्यास तीच कठीण वस्तू बरगडीत रुतू शकते, हा धोका लक्षात ठेवून वेग बेताचा ठेवावा.

हँडलवर बसवायचा असेल, तर टोकाकडे न बसवता जितका मध्याजवळ बसवता येईल तितका बरा. टोकाला थरथर जास्त असते. पकडीखाली जुन्या ट्यूबचा तुकडा घालावा, म्हणजे ती घसरत नाही. पकडीचा दांडा आखूड असावा. लांब काठीच्या टोकावरचा कॅमेरा डोलतोच. बसवून झाल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहावे. ॲक्सिलरेटरची तार ताणली जाते का, ब्रेकचा लिव्हर अडतो का, वेगाचा काटा झाकला जातो का, हे तपासावे. यातले एक जरी झाले तरी जागा बदलावी.

चिकटपट्टीचा तळ लावताना जागा पुसून कोरडी करावी, दाबून चिकटवावा आणि २४ तास तसाच राहू द्यावा. लगेच बसवून निघालेला कॅमेरा पहिल्या खड्ड्यात रस्त्यावर येतो. शिवाय एक मजबूत दोरी कॅमेऱ्यातून ओवून गाडीला बांधावी, मात्र चाकापर्यंत पोहोचणार नाही इतकीच आखूड ठेवावी.

हेल्मेटला भोक नको

हेल्मेटचे बाहेरचे कवच मार पसरवते आणि आतला थर्माकोलसारखा थर चेपून धक्का पोटात घेतो. स्क्रू लावण्यासाठी कवचाला भोक पाडले, की ते तिथे कच्चे झाले. काही डिंकांतली रसायनेही कवचाला अपाय करतात. शिवाय वर उभा ठेवलेला कॅमेरा पडताना रस्त्यात अडकला, तर मानेला पीळ बसू शकतो. माझे स्पष्ट मत असे, की हेल्मेट डोक्यासाठी ठेवावे आणि कॅमेऱ्याला दुसरी जागा पाहावी.

हेल्मेटवर आय.एस.आय.ची खूण आणि ‘आय.एस. ४१५१’ हा मानक क्रमांक असावा. १ जून २०२१ पासून ही खूण नसलेली दुचाकीची हेल्मेटे विकण्यास देशात बंदी आहे. पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी हेल्मेटसाठी कारवाई कडक केली, तेव्हा विरोधात मोर्चेही निघाले. वाद करणाऱ्यांनी करावा. आपल्या मुलाने मात्र हेल्मेटचा पट्टा बांधूनच निघावे.

मोबाइल हँडलवर बांधण्यापूर्वी

वेगळा कॅमेरा महाग पडतो, म्हणून अनेक मुले मोबाइलच हँडलला बांधतात. ॲपल कंपनीने सप्टेंबर २०२१ मध्येच आपल्या ग्राहकांना सावध केले, की जोरदार इंजिनाच्या मोटरसायकलची थरथर फोनच्या कॅमेऱ्यातील चित्र स्थिर करणारी यंत्रणा बिघडवू शकते. लहान इंजिनाच्या किंवा विजेच्या दुचाकीवर लावायचाच असेल, तर थरथर शोषणारी पकड वापरावी, असेही कंपनीने सांगितले. ही यंत्रणा अनेक कंपन्यांच्या फोनमध्ये असते, त्यामुळे हा इशारा सर्वांनीच मनावर घ्यावा.

गाडी चालवताना हातात मोबाइल धरून वापरणे २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक चालवण्यात मोडते. कॅमेऱ्याची कळही निघण्यापूर्वी दाबावी आणि थांबल्यावर बंद करावी. सिंहगडाच्या वाटेवर खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, शहरातही लष्कराच्या हद्दी आहेत; छायाचित्रणास मनाई असा फलक दिसेल तिथे कॅमेरा बंद असावा. पाणवठ्यावरच्या बायाबापड्यांचे चित्रण त्यांना न विचारता करणे हेही आपल्या रीतीत बसत नाही. अपघात झालाच तर चित्रण पुरावा म्हणून उपयोगी पडू शकते. पण चूक आपली असेल तर तीही त्यात दिसते.

घरी बसून तपासणी

आता आईवडिलांसाठी एक सूचना. मुलाने पाठवलेले चित्रण पाहताना नुसता धबधबा पाहू नका. कोपऱ्यातला आरसा थरथरत असेल, तर त्याचा नट सैल आहे का ते त्याला विचारा. आवाज मोठा करून ऐका. गाडी हळू चालताना खालून खळखळ येत असेल तर चेन पाहायला सांगा. ब्रेक दाबताच लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला तर लायनर संपत आले असावेत. वेगाचा काटा दिसत असेल तर वळणावर तो कोठे होता तेही पाहा. उताराला इंजिनचा आवाज एकदम थांबला, तर गाडी बंद करून सोडली होती का, हे रागावता विचारू नका, शांतपणे विचारा. रागावलात तर पुढच्या वेळी चित्रणच येणार नाही आणि गाडीची ही खबर मिळायची बंद होईल.

बैलाच्या पायात खिळा रुतला तर तो लंगडून आपल्याला सांगतो. गाडीही खळखळून, थरथरून आणि गळून सांगत असते. कॅमेऱ्यामुळे तिचे ते सांगणे आता गावातल्या घरापर्यंत येऊ लागले आहे, त्याचा उपयोग करून घ्या. येत्या रविवारी मुलाचा फोन आला, की घाट कसा होता हे जरूर विचारा. पण त्याआधी टायरमधली हवा कधी पाहिली होती, ते विचारा.