पाण्याखालचें मालवण

मानोऱ्याकडचा मुलगा पोहावयास शिकतो तो बहुधा विहिरींत. कमरेला वाळलेला भोपळा बांधून प्रथम हातपाय मारावयाचे, आणि भोपळा सुटला म्हणजे तळ गाठून मूठभर गाळ वर आणण्याची पैज लावावयाची, हा जुना परिपाठ. या पैजेंत तीन-चार मीटर खालीं जातांच कानांत कळ येते. वऱ्हाडांतील हाच मुलगा पुढें कुटुंबासह मालवणला जातो आणि पाठीवर हवेचें नळकांडें बांधून समुद्रांत उतरतो, तेव्हां तेथेंहि त्याला तीच कळ भेटते. परंतु विहिरींत अंगवळणी पडलेली एक संवय समुद्रांत मात्र सोडावी लागते. ती न सोडल्यास प्राणावर बेततें.

ती कोणती, हें समजण्यास पाण्याच्या दाबाचा विचार केला पाहिजे. समुद्रसपाटीवर मनुष्याच्या अंगावर हवेचा जेवढा दाब असतो, तेवढाच दाब पाण्यांत दर दहा मीटरला आणखी वाढत जातो. म्हणजे दहा मीटरवर तो दुप्पट, वीस मीटरवर तिप्पट. दाब दुप्पट झाला कीं हवेचें आकारमान निम्में होतें, असें रॉबर्ट बॉइल यानें १६६२ सालीं प्रसिद्ध केलें. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १६६४ मध्यें, शिवाजी महाराजांनीं मालवणसमोरील कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ केला. त्या तटाभोवतींच्या पाण्यांत बॉइलचा नियम आज कोणालाहि स्वतःच्या कानांनीं पडताळून पाहतां येतो. नाक चिमटींत धरून हळूच फुंकर मारली कीं कानाच्या पडद्यामागें हवा पोंचते व कळ थांबते. मात्र सर्दी झालेल्यानें पाण्यांत उतरूं नये, कारण त्याची ही वाट बंद असते.

दाबाखालीं श्वास घ्यावयाचा तर हवाहि तितक्याच दाबाची हवी. जाक कूस्तो व एमिल गान्यां या दोघां फ्रेंच गृहस्थांनीं १९४३ सालीं यासाठीं एक झडप सिद्ध केली. पाणबुड्यानें श्वास ओढला कीं ती उघडते आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतकी हवा तोंडांत सोडते. ‘स्कूबा’ हा शब्द इंग्रजी आद्याक्षरांचा बनलेला असून पाण्याखालीं श्वास घेण्याचें स्वयंपूर्ण साधन असा त्याचा अर्थ आहे. नेहमींच्या नळकांड्यांत सुमारें दोन हजार लिटरांहून अधिक हवा कोंबलेली असते. परंतु दहा मीटरवरील एका श्वासाला पृष्ठभागावरील दोन श्वासांइतकी हवा खर्ची पडते. म्हणून खोली वाढली कीं वेळ घटतो.

आतां त्या संवयीकडे वळूं. विहिरींत मुलगा वरची हवा छातींत भरून खालीं जातो. ती तळाशीं आकसते आणि वर येतांना पूर्ववत् होते. दम कोंडला तरी अपाय नाहीं. समुद्रांत मात्र पाणबुडा दाबाची हवा खालींच घेतो. दहा मीटरवर छाती भरून घेतली व दम कोंडून तो वर आला, तर तीच हवा दुप्पट जागा मागते आणि फुप्फुस फाटूं शकतें. अवघ्या दीड मीटर खोलीवरूनहि असें घडण्याचा संभव आहे. म्हणून श्वास केव्हांहि रोखावयाचा नाहीं आणि घाईनें वर यावयाचें नाहीं, हा या विद्येचा पहिला नियम होय. घाबरलेला मनुष्य नेमक्या याच दोन गोष्टी करतो. यासाठीं शिक्षकाचें सांगणें उतरण्यापूर्वीं नीट ऐकावें, आणि दमा, हृदयविकार अथवा कानाचा विकार असल्यास तो लपवूं नये.

नवशिक्यांना सामान्यतः सिंधुदुर्गाजवळच्या उथळ खडकांपाशीं नेतात. पद्धतशीर शिक्षण घेणाऱ्यांसाठीं तारकर्ली येथें महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचें प्रशिक्षण केंद्र आहे. दक्षिणेस निवतीसमोरील खडक अनुभवी लोकांना अधिक मानवतात. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारें शंभर किलोमीटरवर कान्होजी आंग्र्यांचें नांव मिळालेला आंग्रिया बँक हा बुडालेला पठारी प्रदेश आहे. त्याचा माथाच सुमारें वीस मीटर खोल असल्यानें तो नवशिक्यांचा नव्हे. पावसाळ्यांत समुद्र खवळलेला व पाणी गढूळ असतें, म्हणून हंगाम साधारणतः ऑक्टोबरपासून मेपर्यंतचा.

खालीं दिसतात तीं पोवळीं. तीं दगडासारखीं दिसलीं तरी असंख्य लहान जीवांनीं बांधलेलीं घरें आहेत. गोलाकार पोवळ्याची वाढ वर्षाला सुमारें एक सेंटिमीटर. हातभर घुमट म्हणजे कित्येक दशकांचें काम. होडीचा नांगर किंवा एक बेसावध पाय तें क्षणांत मोडतो. पाणी फार तापलें तर पोवळीं पांढरीं पडतात, तें निराळेंच संकट. मालवणचें सागरी अभयारण्य १९८७ सालीं जाहीर झालें, त्याचें क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे. परंतु पाण्याखालीं प्रत्येक पोवळ्यापाशीं पहारेकरी उभा करतां येत नाहीं. तेथें पाहुण्याचा संयम हाच पहारा. पोवळ्यांना हात लावूं नये, त्यांवर उभें राहूं नये, माशांना खाऊ घालूं नये.

विहिरीच्या पैजेंत ज्याच्या मुठींत गाळ तो जिंकला. मालवणच्या पाण्यांतून मात्र रिकाम्या हातानें, सावकाश आणि श्वास चालू ठेवून वर यावें. म्हणजे पाहणारा सुखरूप राहतो, आणि त्याच्या मागून येणाऱ्यासाठीं पाहण्याजोगें कांहीं उरतें.