जुनी आलिशान मोटार पारखताना

जुनी मोटार विकत घेणे ही गोष्ट आपल्याकडे काही नवी नाही. रस्त्यावर मुख्यतः फियाट आणि ॲम्बॅसिडर दिसत, त्या काळीही ‘एकहाती वापरलेली, डॉक्टरांची गाडी’ शोधत माणसे हिंडत असत. तशा गाडीत काही बिघडले, तर ते नाक्यावरच्या मिस्त्रीला नुसत्या कानाने कळे; आणि सुटा भाग मिळालाच नाही, तर तो दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचा भाग घासूनपुसून बसवून देई. आज मी ज्या गाडीविषयी बोलणार आहे, तिला हा हिशेब लागू पडत नाही. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, ऑडी, जॅग्वार अशी नावे लावणारी गाडी सात-आठ वर्षे वापरून झाली, की पुष्कळदा ती नव्या साध्या गाडीच्या किमतीत मिळू लागते. मर्सिडीजची जुळणी १९९५ पासून पुण्यात सुरू झाली, ऑडीची पुढे औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. तेव्हा आपल्या राज्याला या गाड्या काही अनोळखी राहिलेल्या नाहीत.

मग मोह होतो. का होऊ नये? समजा, नवी असताना साठ लाखांना घेतलेली गाडी आठ वर्षांनी पंधरा लाखांना आपल्यापुढे उभी आहे. कातड्याच्या गाद्या आहेत, दार लावले की तिजोरी बंद झाल्यासारखा आवाज येतो. गाडीची किंमत पावपटीवर आली हे खरेच. पण तिच्या सुट्या भागांची किंमत पावपटीवर येत नाही. दिवा फुटला, तर दिव्याची किंमत साठ लाखांच्या गाडीच्या दिव्याचीच लागते. म्हणून अशी गाडी पाहायला जाताना ‘गाडी चांगली आहे का?’ एवढे विचारून भागत नाही. ‘येत्या दोन वर्षांत ही माझ्याकडे काय काय मागणार आहे?’ असे विचारावे लागते. कुणी निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतून हौस करतो, कुणी मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या ठेवीला हात लावतो. अशा माणसाला या प्रश्नाचे उत्तर बयाणा देण्यापूर्वी हवे. नंतर मिळून काय उपयोग?

गाडी पाहायला सकाळी जावे, आणि आदल्या दिवशीच मालकाला सांगून ठेवावे, की ‘आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका, गाडी जागची हलवूही नका.’ गेल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवून पाहावा. बॉनेट कोमट लागले, तर इंजिन मुद्दाम तापवून ठेवले आहे असे समजावे. कारण गार इंजिन जे बोलते, ते तापलेले इंजिन बोलत नाही. सेल्फ मारल्यावर पहिली पाच-दहा सेकंदे कान देऊन ऐका. साखळी खडखडल्यासारखा आवाज आला, तर तो मनात टिपून ठेवा. इंजिनातली टायमिंगची साखळी सैल झाली, की असा आवाज येतो. बीएमडब्ल्यूच्या ३२० डी आणि ५२० डी या आपल्याकडे खूप खपलेल्या डिझेल गाड्या. त्यांत २००७ नंतर काही वर्षे जे इंजिन बसवले जाई, त्यात ही साखळी इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. साखळीची किंमत फारशी नसते हो, पण तिच्यापर्यंत पोचायचे म्हणजे गिअरबॉक्स नाहीतर सबंध इंजिनच खाली उतरवावे लागते. आणि साखळी धावत्या गाडीत तुटली, तर इंजिनाची आशा सोडावी.

मागे सायलेन्सरपाशी एका माणसाला उभे करा. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळते आहे. पांढरा धूर थंडीत क्षणभर दिसला तर तो नुसती वाफ असतो, पण इंजिन तापल्यावरही तो येत राहिला आणि त्याला गोडसर वास असला, तर कूलंट जळते आहे. काळा धूर म्हणजे डिझेल पुरते जळत नाही.

सकाळी जाण्याचा आणखी एक फायदा आहे, आणि माझ्या मते तो सगळ्यात मोठा. पुष्कळ मोठ्या गाड्यांना लोखंडी स्प्रिंगांऐवजी रबरी हवेच्या पिशव्या असतात. १९९८ साली आलेल्या मर्सिडीजच्या एस-क्लासपासून ही रचना मोठ्या गाड्यांत रुळत गेली. गाडी अशी पाण्यावर तरंगल्यासारखी चालते, की बसणाऱ्याला खड्डा कळत नाही. पण रबर ते रबरच. आठ-दहा वर्षांत ते चिरते आणि हवा हळूहळू निसटू लागते. दिवसा हे समजत नाही, कारण गाडीतला छोटा कॉम्प्रेसर हवा भरून गाडी पुन्हा उचलून धरतो. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचे सोंग मात्र उतरलेले असते. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर चारही चाकांवर टेपने मोजावे. डाव्या-उजव्या बाजूंत बोटभर फरक निघाला, तर एक पिशवी गळते आहे. आणि पिशवी गळत असेल, तर कॉम्प्रेसरही दिवसभर राबून झिजलेला असणार, हे ओघाने आलेच. खर्च दोन्हींचा धरावा.

आता पाण्याविषयी थोडे सविस्तर सांगतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि तळघरांत, सखल रस्त्यांवर उभ्या असलेल्या असंख्य मोटारी बुडाल्या. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईत तेच झाले. बुडालेल्या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या पाऊणपटीच्या वर गेला, की विमा कंपनी सबंध नुकसान मानून मालकाला पैसे देते. गाडी मात्र नाहीशी होत नाही. ती भंगाराच्या लिलावात जाते, कुणीतरी तिला धुऊनपुसून उभी करतो, आणि ती दुसऱ्याच एखाद्या गावात विक्रीला येते. साधी गाडी पाण्यातून निघाली तर वाळते. आलिशान गाडीचे तसे नाही. तिच्या पायाखालच्या गालिच्याच्या तळाशी, सीटखाली, डिकीच्या कोपऱ्यात छोट्या छोट्या पेट्या असतात. कुलपे, दिवे, गिअर, एअरबॅग या सगळ्यांचा कारभार त्या पेट्या पाहतात. एकदा त्यांत पाणी शिरले, की तांब्याच्या जोडांवर हिरवट गंज चढू लागतो. गाडी दोन-तीन महिने उत्तम चालते, आणि मग एके दिवशी काचा आपोआप खाली येतात, दुसऱ्या दिवशी गिअर पडत नाही.

हे ओळखायचे कसे? सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहा. धुणारा माणूस सगळे धुतो, पण गुंडाळीत राहिलेल्या पट्ट्यावरची चिखलाची रेघ बहुधा त्याच्या हातून सुटते. सीट पुढे सरकवून तिच्या रुळांचे बोल्ट पाहा. घरात बसणारे लोखंड उगाच गंजत नाही. डिकीतले जादा चाक उचला आणि खोबणीत बोट फिरवा, बारीक गाळ लागतो का ते कळेल. अत्तराचा भपकारा आला, तर तो कशासाठी मारला आहे हे मालकाला सरळ विचारावे. पाणी नेहमी पुरातूनच येते असेही नव्हे. छताला उघडझाप करणारी काच असते, तिच्या चार कोपऱ्यांतून पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या खांबांतून खाली उतरतात. गाडी वर्षानुवर्षे झाडाखाली लागली, की या नळ्या पाल्यापाचोळ्याने तुंबतात आणि आपल्या कोकणच्या पावसात पाणी थेट गालिच्याखाली उतरते. छत उघडून कोपऱ्यात पेलाभर पाणी ओतावे. ते चाकाजवळून ठिबकले तर ठीक. मालकाने हरकत घेतली, तर ती हरकत हेही एक उत्तरच म्हणायचे.

पत्र्याबद्दल आपल्या मिस्त्रींची जुनी युक्ती म्हणजे लोहचुंबक. पुट्टी भरलेल्या जागी तो चिकटत नाही. युक्ती चांगली, पण या गाड्यांपुढे ती फसते. ऑडी ए-८ चा किंवा २००३ पासूनच्या जॅग्वार एक्सजेचा पत्राच ॲल्युमिनियमचा. २००३ च्या बीएमडब्ल्यू ५ मालिकेचा पुढचा भागही तसाच. तिथे चुंबक धडधाकट पत्र्यालाही चिकटणार नाही, आणि चांगली गाडी तुम्ही अपघातातली म्हणून सोडून याल! त्यापेक्षा रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र मिळवावे, मात्र ते ॲल्युमिनियमवरही चालणारे हवे. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो. एखाद्या दारावर आकडा दुप्पट दिसला, तर दार पुन्हा रंगवले आहे. हजारावर गेला, तर खाली पुट्टी आहे. नुसता रंग मारला म्हणून गाडी टाकाऊ ठरत नाही, मुंबईच्या गर्दीत ओरखडा कुणाला चुकला आहे? परंतु बॉनेटच्या बिजागऱ्यांचे आणि मडगार्डाचे बोल्ट पान्याने फिरवल्याच्या खुणा दिसल्या, एका काचेवरचा शिक्का आणि साल बाकीच्यांहून वेगळे निघाले, आणि त्याच बाजूचा रंग जाड लागला, तर तिन्ही गोष्टी एकाच धडकेची हकीकत सांगत असतात. टायरच्या बगलेवर चार आकडे असतात, तेही वाचा. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. चारही टायर जुने असतील, तर त्यांची किंमत सौद्यातून वजा करायला लाजू नये.

यानंतरची तपासणी आपल्या डोळ्यांनी होण्यासारखी नाही. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचे एक सॉकेट असते. तिथे यंत्र जोडले, की गाडीने स्वतःच्या बिघाडांची ठेवलेली नोंद वाचता येते. त्या त्या जातीच्या गाडीचे यंत्र असलेल्या गॅरेजमध्ये ही तपासणी पैसे देऊन करून घ्यावी. या व्यवहारात सगळ्यात स्वस्त पडणारा खर्च हाच. एक मेख मात्र ध्यानात ठेवा. विकणारा आदल्या दिवशी सगळ्या नोंदी पुसून ठेवू शकतो. पण नोंदी पुसल्या, की गाडीच्या स्वतःच्या तपासण्याही ‘अपूर्ण’ दिसू लागतात. त्या पुऱ्या व्हायला गाडी काही दिवस चालावी लागते. तेव्हा बिघाड शून्य आणि तपासण्या मात्र अपूर्ण, अशी स्थिती असेल, तर आठवड्याने पुन्हा यावे. किती किलोमीटर झाले तो आकडाही समोरच्या तबकडीवर बदलता येतो. परंतु बऱ्याच गाड्यांत तो आणखी दोन-तीन पेट्यांत लिहिलेला असतो, आणि तिथे तो बदलायचा बहुधा राहून जातो. तबकडी चाळीस हजार सांगते आणि ब्रेकच्या पायपट्टीचे रबर गुळगुळीत झाले आहे, अशी गाडी पाहिली तर मी रबरावर विश्वास ठेवीन. किल्ली फिरवल्यावर इशाऱ्याचे सगळे दिवे एकदा लागून विझले पाहिजेत. एअरबॅगचा दिवा लागलाच नाही, तर तो कुणीतरी लागू दिलेला नाही.

मग गाडी चालवून पाहायची. गावातून आणि मोठ्या रस्त्यावरून, मिळून तासभर तरी. रिव्हर्समधून पुढच्या गिअरात जाताना हिसका बसतो का, चढावर हळू चालताना थरथर जाणवते का, हे पाहावे. ‘या गिअरबॉक्सचे तेल जन्मभर बदलावे लागत नाही’ असे विक्रेता सांगेल. बीएमडब्ल्यूला आणि इतर अनेकांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ ही जर्मन कंपनी स्वतः मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलायला सांगते. बदलल्याची पावती मागावी. आणि एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस-६ डिझेल गाडी असेल, तर तिच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून लांब पल्ल्यावर पळावी लागते. घर ते कचेरी एवढेच ज्याचे येणेजाणे, त्याने डिझेलच्या मोहात न पडणेच बरे.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. चॅसी क्रमांक गाडीवर आणि आरसी पुस्तकात एकच आहे ना, हे स्वतः ताडून पाहा. बँकेचा बोजा असेल, तर बँकेचा दाखला आणि नमुना ३५. मालकी बदलायला नमुने २९ आणि ३०. परराज्यातली गाडी असेल, तर तिकडच्या आरटीओचे ना-हरकत पत्र, म्हणजे नमुना २८. दहा वर्षांवरील डिझेल गाड्या दिल्ली परिसरात चालू नयेत असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिला, आणि दिल्ली पासिंगच्या गाड्या इतर राज्यांत स्वस्तात निघू लागल्या. पुढे त्याच्या अंमलबजावणीत फेरफार होत गेले, पण तो बाजार बसून गेला. अशी गाडी बारा महिन्यांहून अधिक इथे ठेवायची, तर कायद्याने नवा नंबर घ्यावा लागतो आणि इथला करही भरावा लागतो. तो रकमेत मिळवून मगच ‘स्वस्त’ म्हणा. विमा चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घ्यावा.

आणि शेवटी दोन्ही किल्ल्या मागून घ्याव्यात. या गाड्यांची किल्ली कुठल्याही कुलूपवाल्याकडे कानशीने घासून होत नाही. तिच्यात सांकेतिक खूण असते, आणि नवी करून घ्यायला चांगलेच पैसे मोजावे लागतात. ‘दुसरी हरवली’ असे उत्तर मिळाले, तर ती गाडीच्या स्मरणातून रद्द करून द्यायला मालकाला सांगावे, आणि त्यानंतरच उरलेली रक्कम हाती द्यावी.