विश्लेषण : दिल्लीपासून सीमेपर्यंत एकच चित्र... ‘नेटवर्क-केंद्री युद्धा’त निर्णय नेमका कोण घेतो?

२७ फेब्रुवारी २०१९ रोजी सकाळी जम्मू-काश्मीरमधील बडगाम येथे हवाई दलाचे ‘एमआय-१७ व्ही-५’ हेलिकॉप्टर कोसळले. ते पाडले होते आपल्याच क्षेपणास्त्राने. हेलिकॉप्टरमधील सहा जण आणि जमिनीवरील एक नागरिक अशा सात जणांचा त्यात मृत्यू झाला. मृतांमध्ये नाशिकचे एक स्क्वाड्रन लीडरही होते. त्यानंतर सहा वर्षांनी, मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या वेळी भारताच्या हवाई संरक्षण जाळ्याचे कौतुक झाले. या दोन घटनांमधील फरक केवळ क्षेपणास्त्रांचा नाही, तो माहितीच्या जोडणीचा आहे. त्यासाठी ‘नेटवर्क-केंद्री युद्ध’ ही संकल्पना समजून घ्यावी लागेल.

नेटवर्क-केंद्री युद्ध म्हणजे काय?

पूर्वी सैन्याची ताकद रणगाडे, विमाने आणि युद्धनौकांच्या संख्येवर मोजली जाई. प्रत्येक जण आपल्या रडारला किंवा दुर्बिणीला जे दिसेल त्यावर लढत असे. अमेरिकी नौदलाचे व्हाइस अॅडमिरल आर्थर सेब्रोव्स्की आणि जॉन गार्स्का यांनी जानेवारी १९९८ मध्ये लिहिलेल्या लेखातून वेगळी मांडणी पुढे आली. पाहणारे (रडार, उपग्रह, ड्रोन), ठरवणारे (कमांडर) आणि मारा करणारे (तोफ, विमान, क्षेपणास्त्र) हे तिन्ही घटक एका जाळ्यात जोडले, तर तेवढ्याच शस्त्रांतून कितीतरी अधिक परिणाम साधता येतो, असा तिचा गाभा होता.

साधे गणित पाहा. चार तुकड्या एकमेकींशी जोडल्या तर सहा दुवे तयार होतात. चाळीस तुकड्या जोडल्या तर ७८०. तुकड्या दहापट, पण दुवे १३० पट. जाळ्याची ताकद अशी वाढते. मात्र चूक पसरण्याचे मार्गही त्याच वेगाने वाढतात.

तीन पातळ्या कोणत्या?

लष्करी शास्त्रात युद्धाच्या तीन पातळ्या मानल्या जातात. सर्वांत वर सामरिक पातळी. युद्ध करायचे का, कशासाठी आणि कुठे थांबायचे, हे येथे ठरते. हा निर्णय राजकीय नेतृत्व आणि सर्वोच्च सेनाधिकाऱ्यांचा असतो. मधली पातळी मोहिमेची. एखाद्या आघाडीवर कोणती दले, कधी आणि कोणत्या क्रमाने वापरायची, याची आखणी येथे होते. सर्वांत खाली डावपेचांची पातळी. येथे प्रत्यक्ष चकमक होते आणि ‘समोरचा ठिपका पाडायचा की नाही’ हे काही सेकंदांत ठरवावे लागते.

तिन्ही पातळ्यांना नेटवर्कमधून हवे असते ते वेगवेगळे. वरच्या पातळीवर माहिती काही मिनिटे उशिरा आली तरी चालते, पण तिची खात्री हवी. खालच्या पातळीवर काही सेकंदांचा उशीरही जिवावर बेततो.

ही कल्पना नवी आहे का?

नाव नवे, कल्पना जुनी. १९४० मध्ये जर्मन हवाई हल्ल्यांना तोंड देताना ब्रिटनने हेच केले. किनाऱ्यावरील रडार केंद्रे आणि निरीक्षकांकडून दूरध्वनीने आलेली माहिती लंडनजवळील बेंटले प्रायरी येथील मुख्यालयात गोळा होई. तेथे ती पडताळून विभागीय गटांकडे आणि पुढे तळांवरील नियंत्रण कक्षांकडे जाई. वैमानिकांना रेडिओवरून दिशा मिळे. एअर चीफ मार्शल ह्यू डाउडिंग यांनी उभारलेल्या या व्यवस्थेत तिन्ही पातळ्यांची कामे स्पष्टपणे वाटलेली होती.

पण त्याआधी एक धडा मिळाला होता. ६ सप्टेंबर १९३९ रोजी याच यंत्रणेतील गोंधळामुळे ब्रिटिश ‘स्पिटफायर’ विमानांनी आपलीच दोन ‘हरिकेन’ विमाने पाडली. एका वैमानिकाचा जीव गेला. रडारवर ठिपका दिसत होता, तो कोणाचा हे कळत नव्हते. त्यानंतर मित्र की शत्रू हे ओळखणारी ‘आयएफएफ’ यंत्रणा विमानांवर बसवण्याच्या कामाला वेग आला.

नेटवर्क असूनही आपलेच लोक का मारले जातात?

बडगामच्या घटनेत हाच प्रश्न पुन्हा समोर आला. बालाकोट हल्ल्याला जेमतेम एक दिवस झाला होता आणि पाकिस्तानची विमाने सीमेवर आली होती. तणावाच्या त्या क्षणी रडारवरील ठिपका आपल्या हेलिकॉप्टरचा आहे, हे मारा करणाऱ्यांपर्यंत पोहोचले नाही. हेलिकॉप्टरवरील ‘आयएफएफ’ बंद होते आणि जमिनीवरील कर्मचारी व हेलिकॉप्टर यांच्यातील संपर्कात त्रुटी होत्या, असे चौकशीत आढळल्याचे वृत्त होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये तत्कालीन हवाई दल प्रमुख राकेशकुमार सिंह भदौरिया यांनी ही मोठी चूक असल्याचे जाहीरपणे मान्य केले.

जगातील सर्वांत प्रगत नेटवर्कही यातून सुटलेले नाही. मार्च २००३ मध्ये इराक युद्धात अमेरिकी ‘पॅट्रियट’ क्षेपणास्त्राने ब्रिटनचे ‘टॉर्नेडो’ विमान पाडले आणि त्यातील दोघे दगावले. ब्रिटिश चौकशीनुसार, त्या तुकडीची संपर्क सामग्री तेव्हा अमेरिकेहून वाटेतच होती. शेजारच्या तुकडीमार्फत रेडिओवरून जेवढे कळेल तेवढ्यावरच तिचे काम चालले होते. म्हणजे जाळे उभे होते, पण शेवटचा दुवा जोडलेला नव्हता.

भारताची तयारी कुठवर?

हवाई दलाचे स्वतंत्र डिजिटल जाळे ‘एएफनेट’ सप्टेंबर २०१० मध्ये सुरू झाले. त्याच्या आधारावर ‘आयएसीसीएस’ ही हवाई नियंत्रण यंत्रणा काम करते. वेगवेगळ्या रडारांची माहिती एकत्र करून ती हवाई परिस्थितीचे एकच चित्र तयार करते. लष्कराने आपल्या हवाई संरक्षण तुकड्यांसाठी ‘आकाशतीर’ ही यंत्रणा घेतली. त्यासाठी मार्च २०२३ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सशी १,९८२ कोटी रुपयांचा करार झाला. नौदलासाठी २०१३ मध्ये ‘जीसॅट-७’ आणि हवाई दलासाठी २०१८ मध्ये ‘जीसॅट-७ए’ हे संपर्क उपग्रह सोडण्यात आले.

७ आणि ८ मे २०२५ च्या मध्यरात्री पाकिस्तानने श्रीनगरपासून भुजपर्यंत १५ ठिकाणांवर ड्रोन व क्षेपणास्त्रांनी हल्ल्याचा प्रयत्न केला आणि तो निष्फळ ठरवण्यात आला, असे सरकारने सांगितले. एवढ्या लांबीच्या पट्ट्यात कोणते लक्ष्य कोणी टिपायचे, याची वाटणी दूरध्वनीवर करणे शक्य नसते. तिथे एकत्रित चित्राचा खरा उपयोग होतो.

सर्व काही दिसते, मग वरूनच आदेश का नको?

नेटवर्कमुळे निर्माण झालेला हा सर्वांत नाजूक प्रश्न आहे. राजधानीतील कक्षात बसलेल्या अधिकाऱ्याला पडद्यावर एखादी चौकी दिसू लागली, की तेथील तुकडीला थेट सूचना देण्याचा मोह होतो. पण पडद्यावर जमिनीचा उतार, जवानांचा थकवा किंवा हवेतील धुके पूर्णपणे कळत नाही. शिवाय खालचा अधिकारी प्रत्येक गोष्टीसाठी वर पाहू लागला, तर नेटवर्कने वाचवलेला वेळ परवानगीची वाट पाहण्यातच जातो.

२ मे २०११ रोजी अबोटाबादमध्ये ओसामा बिन लादेनवरील कारवाई अमेरिकेचे अध्यक्ष बराक ओबामा वॉशिंग्टनमधून पाहत होते. सुरुवातीलाच एक हेलिकॉप्टर आवारात कोसळले. तरीही पुढचे निर्णय अफगाणिस्तानातून मोहीम हाताळणारे अॅडमिरल विल्यम मॅकरेव्हन आणि प्रत्यक्ष जागेवरील तुकडी यांनीच घेतले. कारवाई करायची की नाही, हे अध्यक्षांनी आधीच ठरवले होते. सामरिक पातळीचे काम तेथे संपले होते.

शत्रूने जाळेच तोडले तर?

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, त्याच पहाटे ‘व्हायसॅट’ कंपनीच्या उपग्रह सेवेवर सायबर हल्ला झाला. हजारो मोडेम निकामी झाले. युक्रेनी सैन्यही ही सेवा वापरत होते. फटका इतका पसरला, की जर्मनीतील सुमारे ५,८०० पवनचक्क्यांचे दूरनियंत्रणही बंद पडले. त्यानंतर काही दिवसांतच युक्रेनमध्ये ‘स्टारलिंक’ची उपकरणे पोहोचली आणि आघाडीवरील तुकड्यांचा संपर्क त्यावर उभा राहिला. पण त्यातून दुसरा प्रश्न आला : खासगी परदेशी कंपनीच्या सेवेवर एखाद्या देशाच्या सैन्याने किती अवलंबून राहायचे?

म्हणून पर्यायी मार्ग, जॅमिंगला न जुमानणारे रेडिओ आणि संपर्क तुटल्यावरही लढता येईल असे प्रशिक्षण, हे नेटवर्कचेच भाग मानले जातात.

पुढे काय?

तंत्रज्ञानाइतकाच महत्त्वाचा प्रश्न रचनेचा आहे. तिन्ही दलांच्या यंत्रणा वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजांतून उभ्या राहिल्या. त्यांना एकमेकींची भाषा समजणे आणि एका आघाडीची जबाबदारी एका अधिकाऱ्याकडे असणे, यासाठी एकात्मिक कमांडची चर्चा १ जानेवारी २०२० रोजी संरक्षण दल प्रमुख हे पद अस्तित्वात आल्यापासून सुरू आहे. मोहिमेच्या पातळीवर तीन वेगळी मुख्यालये असतील, तर खाली एकच चित्र पाठवणार कोण?

नेटवर्कची परीक्षा मुख्यालयातील मोठ्या पडद्यावर होत नाही. क्षेपणास्त्राच्या बटणापाशी बसलेल्या अधिकाऱ्याला समोरचा ठिपका आपला की परका हे योग्य वेळी कळले का, आणि त्यावर निर्णय घेण्याचा अधिकार त्याला स्पष्टपणे दिलेला होता का, या दोन प्रश्नांवर ती होते. त्यांची उत्तरे शांततेच्या काळातच तयार ठेवावी लागतात.