नागसेनवनापासून सिल्लोडपर्यंत : तत्त्वज्ञान आणि राज्यशास्त्राच्या सहाध्ययनाचा मागोवा

तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र यांची एकत्रित पदवी ऑक्सफर्ड विद्यापीठाने १९२० च्या सुमारास सुरू केली. मराठवाड्यात तसा अभ्यासक्रम रुजला नाही. तथापि येथील उच्चशिक्षणाच्या पायाभरणीत तत्त्वज्ञान आणि राज्यशास्त्र या दोन विषयांचे नाते सुरुवातीपासूनच होते. निजामी अमदानीत पदवीसाठी हैदराबादचे उस्मानिया विद्यापीठ गाठावे लागे. संस्थान भारतात विलीन झाल्यावर दोन वर्षांच्या आत, १९५० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले, ज्याला पुढे मिलिंद हे नाव मिळाले आणि ज्याचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद भिक्खू नागसेनाला वादाचे आवाहन करतो, तेव्हा नागसेन आधी एक अट घालतो : चर्चा पंडितांच्या रीतीने होणार असेल तरच ती होईल, राजांच्या रीतीने नव्हे, कारण पंडित आपली चूक दाखवली तरी रागावत नाहीत, राजे मात्र मतभेद करणाऱ्याला दंड करतात. सत्तेने युक्तिवादापुढे दंडाचा अधिकार बाजूला ठेवावा ही ती अट, म्हणजे राजकीय तत्त्वज्ञानाचा (सत्ता केव्हा न्याय्य ठरते याच्या चिकित्सेचा) गाभाच होय. महाविद्यालयाचे संस्थापक आंबेडकर यांची घडणही याच सांध्यावरची होती. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र हा मुख्य विषय असताना त्यांनी जॉन ड्यूई यांच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गांना हजेरी लावली, आणि लोकशाही ही केवळ शासनपद्धती नसून एकत्र जगण्याची रीत आहे हा विचार १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’च्या मांडणीत उतरला.

१९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि विषयांचे विभाग वेगळे झाले. विभागांच्या भिंती न मानणारे नरहर कुरुंदकर नांदेडच्या महाविद्यालयात शिकवीत मराठी, आणि लिहीत मनुस्मृती व धर्मनिरपेक्षता यांवर. पण तो अपवाद. विद्यापीठाला आंबेडकरांचे नाव देण्याच्या जुलै १९७८ मधील विधिमंडळाच्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत सार्वजनिक संस्था कोणाची आणि सन्मानाचा हक्क कशातून येतो, हे प्रश्न वर्गाऐवजी रस्त्यावर आणि जळालेल्या वस्त्यांमध्ये विचारले गेले. अभ्यासक्रमाने त्यांची दखल फार संथपणे घेतली, असेच म्हणावे लागते.

अजिंठा रस्त्यावर औरंगाबादपासून सुमारे ६० ते ६५ किलोमीटर अंतरावरील सिल्लोडसारख्या तालुक्याच्या गावी कला शाखेचा विद्यार्थी तत्त्वज्ञानाला भेटतो तो बहुधा राज्यशास्त्राच्या ‘राजकीय विचार’ या पेपरात. तेथे प्लेटोचा तत्त्वज्ञ-राजा किंवा सामाजिक कराराचा सिद्धान्त (राज्य लोकांच्या संमतीतून निर्माण झाले, अशी उपपत्ती) अनेकदा ‘टीपा लिहा’पुरता उरतो, आणि ज्ञानमीमांसा, म्हणजे ज्ञान कशाला म्हणावे याचा विचार, वगळूनच प्लेटो शिकवला जातो. गाईडमधील दोन पानांत न्यायाची व्याख्या येते. ती सॉक्रेटिसाने कोणकोणत्या व्याख्या खोडून काढल्यावर पुढे आली, हे येत नाही. स्पर्धा परीक्षांनी चित्र थोडे बदलले : २०१३ पासून केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत नीतिशास्त्राची २५० गुणांची प्रश्नपत्रिका आली, आणि कांट व मिल अभ्यासिकांत पोहोचले, जरी परीक्षेला पुरतील एवढेच.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयासोबत वेगळा गौण विषय घेण्याची मुभा दिल्यामुळे राज्यशास्त्रासोबत तत्त्वज्ञान कागदावर शक्य झाले आहे. मात्र अनेक महाविद्यालयांत मंजूर विषयांनाच अध्यापक तासिका तत्त्वावर मिळत असताना नव्या विषयाचे पद मागणार कोण, हा प्रश्न प्राचार्यांच्या टेबलावरच राहतो.